पोह्यात पडलेलं इंजिन

माझ्या मुलीचं जवळजवळ ठरलेलं लग्न एका डब्यामुळे मोडलं.

डबा म्हणजे लाडवांचा नव्हे. मालगाडीच्या अगदी शेवटी गार्ड बसतो तो डबा, ब्रेकव्हॅन. तोही खरा नव्हे, टीचभर लांबीचा. बरं, तो मध्ये आला म्हणून मोडलं असतं तर निदान चारचौघांत सांगता तरी आलं असतं. तो जागेवर नव्हता म्हणून मोडलं!

मी तळेगावच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर होतो. निवृत्त झाल्यापासून लोणावळ्याला वलवणच्या घरी असतो आणि रेल्वेची छोटी इंजिनं आणि मालडबे जमवतो. 'जमवतो' हा माझा शब्द. माझी बायको सुनंदा 'साठवतात' म्हणते, आणि परंदवडीला शेती करणारे माझे थोरले बंधू 'खेळतोय' म्हणतात. तरुणपणी मला इंजिन ड्रायव्हर व्हायचं होतं. लेखी परीक्षा पास झालो. मग डोळे तपासायला नेलं आणि डॉक्टरांनी रंगीत ठिपक्यांचं पुस्तक पुढे धरलं. त्या ठिपक्यांत म्हणे आकडा दडलेला असतो. मला नुसते ठिपके दिसले. लाल आणि हिरवा यांतला फरक आपल्याला कळत नाही, हे मला वयाच्या बाविसाव्या वर्षी समजलं. (तोवर आमच्या घरात मला कुणी रंग विचारलाच नव्हता.) ज्याला दोन्ही सिग्नल सारखेच दिसतात त्याला इंजिनात बसवायला रेल्वे तयार होईना. आता विचार केला तर त्यांचं बरोबरच होतं. पण राग काही गेला नाही.

तो राग मी मागच्या खोलीत नेऊन ठेवला. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत प्लायवूडचं टेबल, त्यावर प्लास्टरचा अख्खा घाट, तीन बोगदे, वरच्या टोकाला लोणावळा, खालच्या टोकाला कर्जत. वीतभर लांबीची सात इंजिनं आणि बावीस मालडबे. मालडब्याला मराठीत वाघीण म्हणतात. सुनंदाने एकदा नव्या शेजारणीला सहज सांगितलं, "आमच्या ह्यांनी मागच्या खोलीत बावीस वाघिणी ठेवल्यात." त्या बाई पुढे आठ दिवस विरजण मागायला आल्या तरी फाटकाच्या आत पाऊल टाकेनात!

मृणाल आमची एकुलती एक. पुण्यात नोकरीला, शनिवार-रविवार घरी. तिच्यासाठी स्थळं यायला लागली तेव्हा सुनंदा शिक्षण बघायची, मृणाल फोटो बघायची, आणि मी कागद हातात घेऊन चष्मा शोधायचो. एके दिवशी घोरावाडीचं स्थळ आलं. मी कागद वाचला आणि उठून उभाच राहिलो.

"सुनंदा, हे करायचं."

"मुलगा कुठे असतो?"

"घाट सेक्शनला!"

"मुलगा?"

"नाही, वडील. मालगाडीचे गार्ड होते. चौतीस वर्षं!"

मुलगा चाकणच्या एका कंपनीत असतो, हे मी दुसऱ्या दिवशी पान उलटल्यावर वाचलं. विशाल त्याचं नाव. नशिबाने मुलगा चांगला निघाला. दोघं तळेगावला एकदा भेटली, दोनदा भेटली, मग आम्हाला न सांगता भेटायला लागली. फोन आला की मृणाल गॅलरीत जायला लागली आणि परत येताना चेहरा मुद्दाम गंभीर ठेवायला लागली. आता फक्त मोठ्यांनी मोठ्यांना भेटायचं आणि तारीख काढायची, एवढंच उरलं होतं.

रविवारी सकाळी ते लोक यायच्या आधी मृणालने मला स्वयंपाकघरात गाठलं.

"बाबा, दोन तास."

"कसले दोन तास?"

"दोन तास रेल्वे नाही."

"अगं, त्यांचं सगळं आयुष्य रेल्वेत गेलं. माणूस काय हवापाण्यावर बोलणार?"

"हवापाण्यावर बोला. लोणावळ्यात दोन्ही भरपूर आहे." मग ती हसायची थांबली. "बाबा, मला हे व्हायला हवंय."

मी शब्द दिला. खरोखर मनापासून दिला. सुनंदाचा मात्र शब्दापेक्षा कुलपावर विश्वास. तिने मागच्या खोलीला कुलूप घातलं आणि किल्ली कमरेला खोचली. (मी तीस वर्षं स्टोअर सांभाळलं. जिची जोडीची किल्ली माझ्या खिशात नाही, असं कुलूप मी आजवर वापरलेलं नाही.)

टेमघरे मंडळी अगदी ठरल्या वेळेला आली. टेमघरेसाहेब, त्यांच्या मिसेस आणि विशाल. साहेब काठीसारखे सरळ. आल्या आल्या भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून म्हणाले, "तुमचं दोन मिनिटं पुढं आहे." मी उठून घड्याळ मागे केलं. असा माणूस व्याही म्हणून मिळणार या कल्पनेने मला भरून आलं.

भाऊ परंदवडीहून मुद्दाम आले होते. (माझ्या थोरल्या बंधूंना सगळं गाव भाऊ म्हणतं, मृणालसुद्धा.) त्यांनी भात किती झाला, पाऊस कसा झाला, अशी गप्पांची गाडी रुळावर ठेवली होती. मी मान डोलावत होतो. हवा झाली. पाणी झालं. अकरा मिनिटं मी एक शब्द बोललो नाही. आणि तेवढ्यात लांबून मालगाडीचा भोंगा ऐकू आला.

टेमघरेसाहेबांनी कान टवकारले. "वर आली," ते हलकेच म्हणाले. "आता बँकर सोडतील."

घाट चढताना गाडीला मागून रेटायला जी जादा इंजिनं लावतात, ती बँकर. मी जीभ आवरली. खिडकीबाहेर पाहिलं. छताकडे पाहिलं. मृणालने माझ्याकडे पाहिलं.

"दोन लावले असतील की तीन?" मी म्हणालो.

संपलं! पुढच्या पाच मिनिटांत मी जोडीच्या किल्लीने मागच्या खोलीचं कुलूप उघडलं होतं.

सुरुवातीला काय बहार आली म्हणून सांगू! टेमघरेसाहेब हात पाठीमागे बांधून टेबलाभोवती फिरले. वाकून बोगद्यात बघितलं. "हितं उजवीकडं पाण्याची टाकी हवी," म्हणाले. "हितं आमी डबा खायचो." शहरी भाषा गळून पडली होती. बावीस डब्यांची गाडी घाट चढायला लागली तेव्हा त्यांचे डोळे ओले झाले, असं मला वाटलं. माझे तर झालेच होते. उभ्या जन्मात त्या खोलीत येऊन कुणी 'याला वीज किती लागते' यापलीकडे काही विचारलं नव्हतं.

मग ते खालच्या टोकाला गेले. कर्जतला माझं सगळ्यात लाडकं इंजिन उभं होतं. घाटातलं जुनं विजेचं इंजिन. मी स्वतः रंग कालवून, महिनाभर खपून रंगवलेलं.

"हे हिरवं का केलंत?" त्यांनी विचारलं.

"हिरवं कुठे? तपकिरी आहे."

"हिरवं आहे."

"साहेब, मी स्वतः रंगवलंय. चॉकलेटी."

"विशाल, हिकडं ये. ह्याचा रंग कोणता?"

विशाल बिचारा दारात आला. इंजिनाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "छान आहे," म्हणाला. (किती गुणी मुलगा होता!) मी सुनंदाला हाक मारली. तिने खालमानेने सांगितलं, "हिरवंच आहे हो. तुम्ही एवढं मन लावून रंगवत होतात, म्हणून बोलले नाही."

तीन वर्षं! तीन वर्षं ते इंजिन माझ्या घरात हिरवंगार उभं होतं, आणि मला सांगायला हा माणूस यावा लागला. बाविसाव्या वर्षीचे ते ठिपके पुन्हा डोळ्यांसमोर आले. तिथून माझं डोकं फिरायला सुरुवात झाली.

इतक्यात गाडी वर लोणावळ्याला पोचली आणि टेमघरेसाहेबांचं लक्ष तिच्या शेपटाकडे गेलं.

"ब्रेकव्हॅन कुठाय?"

खरं म्हणजे ब्रेकव्हॅन गाडीला जोडायचा आकडा तुटला होता, म्हणून तो डबा खोक्यात पडून होता. एवढंच सांगायचं होतं. पण मला तेव्हा सरळ बोलायचं नव्हतं. मी म्हणालो, "आता कशाला लागतो? हल्ली शेवटच्या डब्याला यंत्र लावतात. गार्डची गरजच नाही."

खोलीतली हवा बदलली. हे मला आत्ता लिहिताना कळतंय. तेव्हा मला फक्त बरं वाटलं.

"गरज नाही?" ते म्हणाले. "घाटात भर पावसात माझी गाडी मधूनच तुटली होती. पुढचे डबे पुढं, मागचे माझ्याकडं. हातानं ब्रेक आवळत बसलो होतो मी. तळव्यांची सालं निघाली."

"पण गाडी तुटली की हवेचे ब्रेक आपोआप लागतात ना? डबे जागच्या जागी थांबतात."

"पुस्तकात थांबतात."

"नियमानेच थांबतात. मी वाचलंय."

"वाचलंय!" टेमघरेसाहेबांनी माझ्या हातातून गाडीचा कंट्रोल काढून घेतला. "आता बघा." त्यांनी गाडी उलटी घेऊन घाटात मध्यावर उभी केली, आणि करंगळीने दोन डब्यांमधला आकडा सोडवला. "ही तुटली गाडी. मागं गार्ड न्हाई. बोलवा तुमच्या यंत्राला!"

मागचे चौदा डबे क्षणभर थबकले, मग हळूच उताराला लागले. पहिल्या बोगद्यात शिरले तेव्हा चालत होते. दुसऱ्यातून निघाले तेव्हा धावत होते. तिसऱ्यातून बाहेर पडले ते थेट कर्जतला, माझ्या चॉकलेटी (म्हणजे हिरव्या) इंजिनावर! इंजिन उडालं, टेबलाची कड ओलांडली, आणि त्याच क्षणी आम्हाला द्यायला पोह्यांचा ट्रे घेऊन मृणाल दारात आली होती.

इंजिन पोह्यात पडलं. नाक खुपसून, उभं. वर लिंबाची फोड.

आधी विशालला हसू फुटलं. मृणालचा ट्रे हसण्याने हलायला लागला. आवाज ऐकून आलेल्या टेमघरेसाहेबांच्या मिसेस पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. भाऊ मागून म्हणाले, "वा! पोह्यांची मालगाडी!" आणि खुद्द टेमघरेसाहेबांचीसुद्धा मिशी हलायला लागली. सगळं वाचलं होतं. हा किस्सा पुढे लग्नात सांगितला गेला असता, बारशाला सांगितला गेला असता. त्या खोलीत फक्त एका माणसाने हसायचं राहिलं होतं.

तो माणूस म्हणाला, "चौतीस वर्षं गाडीच्या शेपटाला उलटं तोंड करून बसलेल्या माणसाला पुढचं काय दिसणार!"

मी हे बोललो. माझ्याच तोंडाने. आवाजही चांगला खणखणीत लागला होता.

टेमघरेसाहेबांची मिशी थांबली. त्यांनी कंट्रोल टेबलावर ठेवला, अगदी सरळ, कडेला समांतर. "विशाल," ते म्हणाले, "चपला घाल."

"बाबा, अहो..."

"चपला घाल."

विशालने मृणालकडे पाहिलं. मग त्याने चपला घातल्या.

ते गेल्यावर भाऊ फाटक लावून आत आले. मग म्हणाले, "दत्तू, मला एक सांग. पोरीचं जमवायचं हुतं का तुझं?" मी सांगायला लागलो की नियम असाच आहे, हवेचे ब्रेक... "लय झालं," भाऊ म्हणाले. "लय झालं आता. जाऊन माफी माग."

मृणालने पोह्यातून इंजिन काढलं, रुमालाने पुसलं आणि माझ्यापुढे ठेवलं. त्याच्या टपावरचा दांडा तुटला होता. तो तिने पोह्यातून बोटांनी शोधून काढला आणि इंजिनाशेजारी ठेवला. "घ्या," म्हणाली. "आणखी काही सापडलं तर सांगते."

माफी मागायला मला आठ दिवस लागले. सुनंदाने पेढ्यांचा बॉक्स हातात दिला आणि वाक्य पाठ करून घेतलं: 'झालं गेलं विसरा, मुलांकडे बघा.' लोणावळ्याहून लोकल पकडली. कामशेत, वडगाव, तळेगाव, प्रत्येक स्टेशनला वाक्य एकदा म्हटलं. घोरावाडीला उतरलो तेव्हा ते तोंडपाठ होतं.

टेमघरेसाहेबांनीच दार उघडलं. हातात कानस, अंगावर लाकडाचा भुसा. मी तोंड उघडणार तेवढ्यात ते म्हणाले, "आत या. चाकं बसत न्हाईत."

टेबलावर ब्रेकव्हॅन होता. लाकडाचा, टीचभर. दोन्हीकडे व्हरांडे, व्हरांड्याला कठडे, आत गार्डची बाकडी, आणि काडेपेटीच्या काडीएवढ्या दांड्यावर हाताने आवळायच्या ब्रेकचं चाक. ते फिरत होतं! आठ दिवस हा माणूस माझ्या गाडीला ब्रेकव्हॅन करत बसला होता. मी पेढ्यांचा बॉक्स खाली ठेवला आणि ते चाक बोटाने फिरवून पाहिलं. पाठ केलेलं वाक्य मी साफ विसरलो.

"चुकलो मी," एवढंच म्हणालो.

"मीबी," ते म्हणाले. "डबे सोडायला नको हुते."

मग आम्ही चाकं बसवली. मग आकडा बसवला. मग रंगाचे डबे काढले. डब्यांवरची नावं ते वाचून दाखवायचे आणि मी ब्रश मारायचो. माझ्या डोळ्यांचा प्रश्न त्यांनी एका वाक्यात मिटवून टाकला: "रंग मी सांगीन, हात तुमचा." मिसेसनी दोनदा चहा दिला आणि दर वेळी दाराशी थोडं थांबल्या. आम्ही काहीतरी बोलू असं त्यांना वाटत असावं. आम्ही बोलत होतो की! कठड्याला दोन आडव्या पट्ट्या की तीन, यावर.

चार तासांनी मी घरी परतलो. सुनंदा आणि मृणाल दोघी पुढच्या खोलीत बसल्या होत्या.

"काय म्हणाले?" सुनंदाने विचारलं.

"एकदम दिलदार माणूस! झालं गेलं सगळं विसरले."

"आणि मुलांचं?"

मी ब्रेकव्हॅन हातात धरून उभा होतो. रंग अजून ओला होता. लग्न हा विषय निघालाच नव्हता. त्यांनीही काढला नाही, मीही नाही. पेढ्यांचा बॉक्स आम्ही दोघांनी संपवला होता.

मृणाल उठली. "राहू दे बाबा. मी विशालशी बोलले. त्याला म्हटलं, आपणच ठरवू. तो म्हणाला, बाबांचं मन शांत होऊ दे. म्हटलं, कधी होईल? तर म्हणाला, होईल कधीतरी." तिने माझ्या हातातल्या ओल्या ब्रेकव्हॅनकडे पाहिलं. "चपला घाल म्हटल्यावर घालणारा मुलगा आहे तो. आणि एक तुम्ही आहात. मला नको हे."

मी दुसऱ्या दिवशी फोन केला, टेमघरेसाहेबांनी विशालला समोर बसवलं, सगळं केलं. उपयोग झाला नाही. महिन्याभरात मृणालने बंगळूरला बदली मागून घेतली. शनिवार-रविवार यायचे बंद झाले. फोनवर ती सुनंदाशी बोलायची आणि शेवटी विचारायची, "बाबा बरे आहेत ना?" मी शेजारीच बसलेला असायचो.

विशालचं पुढच्या वर्षी लग्न झालं. मी आहेर घेऊन गेलो होतो. टेमघरेसाहेबांनी मला पहिल्या रांगेत बसवलं.

ते आता दर बुधवारी सकाळच्या लोकलने वलवणला येतात. गाड्या चालतात. ब्रेकव्हॅनशिवाय एकही गाडी सुटत नाही. दोघं मिळून आम्ही अकरा इंजिनं आणि एकेचाळीस डब्यांपर्यंत आलोय. सुनंदा चहा आणून ठेवते आणि म्हणते, "घ्या, व्याही." कुणाला उद्देशून म्हणते, ते आम्ही दोघंही विचारत नाही.

गेल्या वर्षी मृणालचा फोन आला. या वेळी तिने मला मागितलं. "बाबा, मी लग्न करतेय. ऑफिसमधला आहे. पुण्याला येऊन रजिस्टर करणार. गाजावाजा नाही, फक्त घरचे. येत्या बुधवारी."

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "बुधवारी? बुधवारी टेमघरे येतात गं."

मग ती म्हणाली, "त्यांनाही घेऊन या."

घेऊन गेलो! रजिस्ट्रारच्या ऑफिसात आम्ही दोघं शेजारी शेजारी उभे, दोघांच्याही अंगात पांढरे झब्बे. तिथल्या क्लार्कने कागदावरून मान वर केली. "मुलीचे वडील कोण?"

मृणालने आमच्याकडे पाहिलं. "त्या दोघांतल्या ज्यांच्या खिशात इंजिन असेल ना," ती म्हणाली, "ते."

आमचे दोघांचेही हात खिशाकडे गेले. (जोडइंजिनाचं पार्सल त्याच सकाळी आलं होतं. असं कोरं इंजिन घरी एकटं कसं ठेवणार? एक त्यांनी घेतलं, एक मी.)

सगळे हसले. क्लार्क हसला, जावई हसला, भाऊ तर खोकेपर्यंत हसले. या वेळी मीही हसलो. एवढं तरी शिकलो होतो. मग क्लार्कने मुलीच्या बाजूचा साक्षीदार विचारला. मी पुढे झालो.

"भाऊ," मृणालने हाक मारली, "तुम्ही या ना."

भाऊंनी सावकाश, एकेक अक्षर काढत सही केली. तिचंही काही चुकलं नाही म्हणा. सही करायला हात मोकळा लागतो, आणि माझा अजून खिशातच होता.